अकरा नंबरचा हार

आमच्या घरात फुटबॉल शिरला तो झेंडूच्या पाटीतून. देवळाली कॅम्पाला लागून आमचा फुलांचा मळा, आणि आबा, म्हणजे माझे वडील, कॅम्पातल्या एका तुकडीच्या मंदिरात रोज फुलं पोचवायचे. रविवारी त्या जवानांच्या संघाचा सामना असे. आबा पाटी रिकामी करून मैदानाच्या कडेला बसायचे ते शेवटची शिटी होईपर्यंत. मलाही हा नाद त्यांनीच लावला. नव्वदचं दशक संपत आलं होतं, मी कॉलेजात होते, आणि मैदानाच्या कडेला पोरगी म्हणून मी एकटीच.

फौजेच्या संघाला जीव लावणं म्हणजे एसटीत शेजारी बसलेल्या माणसाला जीव लावणं. दोन वर्षं, फार तर तीन, की बदलीचा हुकूम. नाव तोंडात बसेपर्यंत माणूस गेलेला असे, म्हणून आम्ही खेळाडूंना नंबरानेच ओळखायचो. बदल्या झाल्या की कडेची गर्दी पातळ होई. "आता काय राहिलं त्या टीममध्ये?" असं म्हणत बाजारातले लोक क्रिकेटकडे वळत. आबा मात्र नव्या खेळाडूंनाही पहिल्या दिवसापासून टाळ्या वाजवत. मी कुरकुरले की म्हणत, "दर हंगामाला रोपं नवीच लावतो ना आपण? म्हणून मळा काय दुसऱ्याचा होतो काय?"

त्यांनी एक रीतही पाडली होती. ज्याची बदली झाली त्याच्या शेवटच्या सामन्यानंतर त्याच्या गळ्यात झेंडूचा हार घालायचा. हार मी ओवायचे, घालायचे आबा. जवानांनाही ते ठाऊक झालं होतं. सामना संपला की जाणारा खेळाडू आपणहून पुढे येऊन मान वाकवायचा.

माझा जीव अडकला होता अकरा नंबरमध्ये. डाव्या बाजूने पळत सुटला की समोरचे तिघं नुसते बघत राहायचे. त्याच्या बदलीचा हुकूम मंगळवारी आला आणि गुरुवारी तो गाडीतही बसला. शेवटचा सामना नाही, हार नाही. मी रडले, सांगायला लाज कसली.

महिन्याभराने तीच जर्सी घालून दुसरा उतरला. ईशान्येकडच्या डोंगरातला, बारीक अंगाचा, खाली मान घालून पळणारा. तो वाईट खेळायचा असं मुळीच नाही, पण मी आधीच ठरवून बसले होते. त्याचा पास चुकला की मी मोठ्यांदा म्हणायचे, "पहिल्याची सर नाही." त्याला मराठी येत नव्हतं. पण टोमणा कळायला भाषा कशाला यावी लागते? तरी सामना संपला की तो आबांपाशी येऊन "राम राम, बाबा" म्हणायचा, आणि मला बघून मान हलवायचा. मी नाक मुरडायचे. अशी दोन वर्षं गेली.

मग त्याचीही बदली आली. त्या रविवारी आबा तापाने फणफणले होते. मला जवळ बोलावून म्हणाले, "अकराचा शेवटचा सामना हाय आज. माझ्यानं नाय उठवत. हार तू घाल. आणि दाट ओव, लय गुणाचं पोरगं हे."

मी दाट ओवला. तोवर माझ्या मनात काहीही वाकडं नव्हतं, हे मी शपथेवर सांगते.

समोरचा संघ बाहेरगावच्या तुकडीचा होता. ते मैदानात उतरले आणि मी बसल्या जागेवरून उठून उभी राहिले. त्यांच्यात माझा जुना अकरा नंबर होता, दुसऱ्या रंगाच्या जर्सीत. सामना कोण जिंकलं ते मला आजही आठवत नाही. डोक्यात एकच घोळत होतं, की याचा हार राहिलाय.

शिटी वाजली. मी हार घेऊन मैदानात गेले. नवा अकरा नंबर घाम पुसत पुढे आला, माझ्यासमोर उभा राहिला आणि त्याने मान वाकवली. मी त्याला वळसा घालून पुढे गेले आणि हार जुन्याच्या गळ्यात घातला.

तो गोंधळला. "ये किसलिए?" म्हणाला. त्याने मला ओळखलंसुद्धा नव्हतं. मी मागे वळून पाहिलं तेव्हा नवा तिथेच उभा होता. मान सरळ केली होती, पण नजर अजून जमिनीवर. मग तो वाकून बुटाची नाडी बांधू लागला. नाडी सुटलेली नव्हती.

घरी आबांनी विचारलं, "घातला का हार?" मी म्हणाले, "घातला."

चार दिवसांनी आम्ही दोघं कॅम्पाच्या बाजारात फुलं घेऊन बसलो होतो. नवा अकरा नंबर ट्रंक घेऊन समोर आला. स्टेशनवर निघाला होता, आबांना भेटायला थांबला. आबांनी त्यांच्या हिंदीत विचारलं, "हार पसंद आया क्या, बेटा?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, फार वेळ नाही.

"बहुत अच्छा था, बाबा. ट्रंक में रखा है."

आबांचा चेहरा असा खुलला! "बघ," मला म्हणाले, "सुकला तरी टाकला नाय त्यानं." तो आबांच्या पाया पडला.

पाटीत हारापुरती फुलं होती. सुई-दोरा माझ्या हातातच होता. ओवायला किती वेळ लागला असता? पण ओवला असता तर आबांना सगळं कळलं असतं. मी मान खाली घालून गजऱ्याला गाठ मारत बसले आणि तो ट्रंक उचलून स्टेशनकडे चालू लागला.

आबा त्यानंतर आठ-नऊ वर्षं जगले. सोयऱ्यांना, गिऱ्हाइकांना, संघात येणाऱ्या प्रत्येक नव्या अकरा नंबरला ते ट्रंकेतल्या हाराची गोष्ट सांगत. सांगून झाली की साक्षीला माझ्याकडे बघत, आणि मी दरवेळी होकाराची मान हलवली.