आजचा तास मला द्या

शाळेत नोकरी करणाऱ्या माणसाला किस्से जमवायला कुठं जावं लागत नाही. खडूच्या पावडरीसारखे ते अंगावर बसतात आणि झटकले तरी घरापर्यंत येतात. मी सोलापुरात एका शाळेत चित्रकला शिकवते. संध्याकाळी घरात पाऊल टाकलं की नवरा विचारतो, "आज काय धक्का बसला?" कारण मला धक्के फार बसतात, हे खरं आहे. स्टाफरूममध्ये तर म्हणतात, वाघमारे मॅडम शाळेच्या घंटेलासुद्धा दचकतात. म्हणू देत! त्यांनी माझ्या जागी उभं राहून बघावं एकदा.

*

आमचे पीटीचे माने सर. पोट चांगलं सुटलेलं, पण आवाज अख्ख्या मैदानाला पुरेल असा. वरून आदेश आला की मुलांना योगासनं शिकवा. माने सरांनी हॉलमध्ये सतरंज्या अंथरल्या आणि थेट शवासनापासून सुरुवात केली. "अवघड आसन आधी उरकून घ्यायचं," असं त्यांचं म्हणणं.

आता आमच्या हेडबाईंनी नेमकी त्याच आठवड्यात कुठल्याशा शाळेत मुलांना जेवणातून बाधा झाल्याची बातमी वाचलेली. त्यामुळे त्या रोज दुपारची खिचडी स्वतः चाखायच्या आणि तरीही धास्तावलेल्या असायच्या. त्या दिवशी खिचडी झाली आणि थोड्या वेळानं त्या सहज हॉलकडे गेल्या. दार उघडतात तर काय, अख्खा वर्ग आडवा! मधोमध माने सर, तोंड उघडं टाकून.

हेडबाईंनी फोडलेली किंकाळी मला वरच्या मजल्यावर ऐकू आली. मी हातातला ब्रश टाकून धावले. ते दृश्य बघून मीही किंचाळले. तेवढ्यात पुढच्या रांगेतला एकजण डोळेसुद्धा न उघडता म्हणाला, "बाई, हळू बोला की ओ! सर आत्ताच झोपलेत."

*

मग शिक्षकांच्याही तब्येतीची काळजी कुणाला तरी वाटली. ताणतणाव कसा कमी करावा, याचं ट्रेनिंग. कधी? रविवारी! सक्तीचं. शिवाय प्रत्येकानं संध्याकाळच्या आत ॲपवर फोटो टाकायचा, नाहीतर गैरहजर.

बाहेर सोलापूरचं ऊन, आत एकच पंखा, आणि ॲप काही केल्या उघडेना. विज्ञानाच्या कदम मॅडमचं तर डोकं दुखायला लागलं. समोरचे साहेब सांगत होते, "रविवार कुटुंबाला द्या, मोबाइल बाजूला ठेवा." मी कपाळाला हात लावला.

शेवटी कसाबसा ग्रुप फोटो निघाला आणि आम्ही पळत सुटलो. गेटपर्यंत पोचलो नाही तोच मागून हेडबाईंचा आवाज: "थांबा! एकही जण हसत नाहीये यात. परत चला सगळे, हसायला!"

*

आता 'तास देणं' म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण शाळेबाहेरच्यांना ते कळायचं नाही. ज्याचा पोर्शन राहिलेला असतो तो दुसऱ्याच्या वर्गाच्या दारात येऊन म्हणतो, "मॅडम, आजचा तास मला द्या." हा तास कायम चित्रकलेचा जातो, नाहीतर पीटीचा. गणिताचा तास कुणी चित्रकलेला दिलाय, असं मी तरी उभ्या जन्मात पाहिलं नाही.

यातले मुरलेले खेळाडू म्हणजे गणिताचे जगताप सर. मूळचे माढ्याकडचे. वर्गात एकदम छापील मराठी बोलायचे, पण चिडले की माढा बाहेर यायचा. फळ्यावर असं देखणं लिहायचे की मुलं फळा पुसायला कचरत. आणि गोल! कंपासबिंपास काही नाही, नुसत्या खडूनं एका झटक्यात गोल काढायचे आणि मुलांकडं वळून हात झटकायचे. चित्रकलेची बाई मी, पण खरं सांगते, तसा गोल मला येत नाही. फार जळायचे मी त्या गोलावर.

एकदा वर्गानं दंगा केला म्हणून माने सरांनी सगळ्यांना मैदानाला फेरी मारायला लावली. एक पोरगा सरळ मैदानाच्या मधून पळत समोरच्या टोकाला जाऊन उभा! माने सर ओरडले, "ए, इकडून कुठं?" पोरगं म्हणालं, "सर, व्यास परिघापेक्षा लहान असतो. तुमच्याच तासाला शिकवलंय जगताप सरांनी!"

*

आमच्याकडे आठवीत लावण्या नावाची मुलगी होती. घरात तेलुगू बोलणारी, वडील चादरींच्या कारखान्यात. 'व्यायाम आणि आपले कुटुंब' असा विषय मी चित्राला दिला. बाकीच्यांनी सूर्य, डोंगर आणि सूर्यनमस्कार काढले. लावण्यानं आई काढली. आई पाणी भरतेय, आई धुणं पिळतेय, आई भाकऱ्या थापतेय, आई गच्चीवर वाळवण घालतेय. मधोमध खुर्चीत वडील, हातात मोबाइल. खाली ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'आमच्या घरात फक्त आई व्यायाम करते.'

मी पहिला नंबर दिला आणि चित्र शाळेच्या दर्शनी भिंतीवर लावलं. दुसऱ्या दिवशी वडील हजर. आता हा माणूस काय बोलतोय म्हणून मी घाबरतच पुढं गेले. ते चित्रासमोर उभे राहिले, बराच वेळ. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, बाकी ठीकाय ओ. पण पोट एवढं कुठंय माझं? बघा की."

मी बघितलं. खरंच नव्हतं! मी ओशाळले. तर शेजारून लावण्या म्हणते, "नान्ना, श्वास सोडा की आता!"

*

आणि मग तो दिवस आला. दहावीची परीक्षा तोंडावर आली होती. जगताप सरांनी नेहमीप्रमाणे माने सरांचा तास घेतला होता. फळ्यावर प्रमेय चाललेलं, आणि सरांच्या हातातून खडू पडला. ते उचलायला वाकले, पण हात उचलेचना. मुलांना वाटलं सर काहीतरी शोधताहेत. सरांचं तोंड एका बाजूला गेलं होतं आणि ते म्हणत होते, "काय न्हाय, काय न्हाय, बसा की तुमी." ती भाषा ऐकून मुली घाबरून रडायला लागल्या.

मी वर्गात पोचले आणि दारातच खिळले. माने सर माझ्या अंगावरून आत घुसले. ज्या माणसाला आम्ही जिना चढताना धापा टाकतो म्हणून हसायचो, त्यानं जगताप सरांना दोन्ही हातांवर घेतलं आणि कुठंही न थांबता खाली रिक्षापर्यंत नेलं. अर्धांगाचा झटका होता. वेळेत आणलं म्हणून वाचले, असं डॉक्टर म्हणाले.

काही दिवसांनी आम्ही भेटायला गेलो. सरांचं बोलणं बरंच सुधारलं होतं, पण छापील मराठी गेली ती गेलीच. माने सरांना बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "माने, तुमचे लई तास घेतले ओ म्या."

माने सर भिंतीकडं बघत म्हणाले, "मग परत द्यायला तरी उठा."

*

जूनमध्ये शाळा उघडली आणि जगताप सर आले. चालायला लागले होते, जरा पाय ओढत. पण उजवा हात कायम खिशात. बोटांत पकडच नव्हती. खडू धरला की गळून पडायचा. व्यायामाला म्हणून दवाखान्यातून एक मऊ रबरी चेंडू मिळाला होता, रोज दाबायला. तो त्यांनी कपाटात टाकून दिला. "म्या काय रांगतं पोर हाय का, चेंडू खेळायला?" डाव्या हातानंही लिहून बघेनात.

हेडबाईंनी तोवर गणिताचे तास दुसऱ्यांना वाटले होते आणि सरांना लायब्ररीत बसवलं होतं. त्या वाईट नाहीत. सगळ्यांसमोर खडू पडला तर सरांना सोसणार नाही, हे त्यांना दिसत होतं. सरांच्या पत्नी एकदा शाळेत येऊन मला म्हणाल्या, "घरी बोलतच नाहीत. परवा म्हणाले, ज्याला फळ्यावर रेघ वडता येईना, त्यानं कशाला जगायचं?" मला इतका धक्का बसला की मी त्यांना साधं पाणीसुद्धा विचारलं नाही.

*

बेंदूर, म्हणजे आमच्याकडचा बैलपोळा, जवळ आला. त्या आठवड्यात मी दर वर्षी मुलांकडून मातीचे बैल करून घेते. लावण्या आता नववीत होती. तिच्याच वर्गाचा तास. बादलीभर काळी माती भिजवून ठेवलेली, मुलांचे हात कोपरापर्यंत बरबटलेले, वर्गात नुसता कल्ला. आणि दारात जगताप सर उभे!

"मॅडम, आजचा तास मला द्या."

कुणीतरी हळूच "आई गं" म्हणालं. आजारपणानंतर पहिल्यांदाच सर हे वाक्य बोलत होते. म्हटलं, जाऊ देत ते बैल, हा माणूस आज फळ्यापाशी उभा राहणार असेल तर वर्षभराचे तास घ्या. मी म्हणाले, "घ्या सर." मुलांनी निमूटपणे हात पुसायला घेतले.

सर आत आले. फळ्याकडं बघितलंसुद्धा नाही. पाय ओढत माझ्या टेबलावरून पुढं गेले, शेवटच्या बाकावर लावण्याच्या शेजारी बसले आणि खिशातला हात काढून बाकावर ठेवला.

"मग द्या की माती," सर म्हणाले.

मी गोळा नेऊन दिला. सरांची बोटं मातीत रुततच नव्हती. मुलं हात पुसायचं सोडून बघत राहिली. सरांनी डाव्या हातानं उजवा दाबला, परत दाबला. घाम आला तरी थांबले नाहीत. लावण्या थोडा वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "सर, पाणी लई लावू नका, पाय बसतेत." सरांनी मुकाट्यानं पाणी कमी केलं.

हळूहळू मुलं आपापल्या बैलांकडं वळली आणि कल्ला परत सुरू झाला. सरांच्या पुढ्यात वशिंड आलं, एक शिंग आलं, एकेक करत तीन पाय आले. बैल वेडावाकडाच, पण बैल. जीभ दातांत धरून सर उजव्या अंगठ्यानं माती वळत होते.

तेवढ्यात कदम मॅडम घाईघाईनं दारात. त्यांचं लक्ष फक्त माझ्याकडं.

"मॅडम, माझा एक धडा पूर्ण राहिलाय ओ. उरलेला तास मला देता का?"

मी सवयीनं मान डोलावणार, तोच शेवटच्या बाकावरून असा आवाज आला की दारातल्या कदम मॅडम दोन पावलं मागं सरकल्या.

"आजाबात मिळणार न्हाय! माज्या बैलाचा एक पाय राहिलाय!"