भुवईतली गाठ गेली कुठं?

“म्याडम, हिचं ऑपरेशन झालंच न्हाय,” आबा खुर्ची ओढून म्हणाले.

ते सणसरहून सहा वर्षांच्या नातीला, ईश्वरीला, तपासणीला घेऊन आले होते. सोबत तिची आई. आणि शेजारचे तात्या, साक्षीदार म्हणून. महिन्याभरापूर्वी बारामतीत मी ईश्वरीच्या डाव्या भुवईच्या टोकाची हरभऱ्याएवढी गाठ काढली होती. डर्मॉईड सिस्ट. पोटात बाळ घडताना कातडीचा कण आत अडकतो, त्याची पिशवी होते. कॅन्सर नसतो, पण वाढत राहते.

“कापल्याची खूण कुठाय? तात्यांनी बॅटरी मारून बघितलं.”

“व्हय. दोनी भुवया सारख्याच हायत.”

पोरीच्या तोंडावर वण दिसता कामा नये, असं मला याच आबांनी बजावलं होतं. म्हणून मी भुवई न भादरता, केस उगवतात त्याच दिशेला तिरकी चीर दिली. टाके आतून, विरघळणारे. इतकं सुबक काम माझ्या हातून क्वचितच होतं. त्याचीच आता तक्रार आली होती.

“मग गाठ गेली कुठं, आबा?”

“तुमी आत दाबली.” त्यांचा आवाज बारीक झाला. “डोक्यात गेली आसंल तर?”

म्हातारा भांडायला आला नव्हता, घाबरला होता.

मी मोबाईलवर ऑपरेशन थिएटरमधला फोटो दाखवला. कापलेली गाठ, आत पांढरा लगदा आणि चार केस.

“गाठीत केस?” तात्या उसळले. “हे दुसऱ्याच कशाचं तरी हाय!”

कातडीचीच पिशवी, म्हणून केस, हे मी समजावलं. संशय वाढला. गाठ हाडाच्या वरच होती, आत जायला वाट नव्हती, हेही सांगितलं. शेवटी ओल्या कापसानं भुवईचे केस बाजूला केले आणि आबांच्या हातात भिंग दिलं.

“रेघ हाय!” आबा ओरडले.

“मला दावा.” मग तात्या. मग आई. मग आमच्या सिस्टरही.

“बास की आता!” ईश्वरी वैतागली. तिनं आबांचं बोट धरून भुवईवर टेकवलं. “दाब. हाय का?”

आबांनी दाबलं. उजवी भुवई दाबली. स्वतःचीही चाचपली. मग उपरण्यात तोंड घालून रडले.

निघताना म्हणाले, “गावात मानसं इचारत्यात. वरनं एक पट्टी लावा, दिसंल आशी.”

बऱ्या झालेल्या भुवईवर मी पट्टी लावली. चांगली मोठी. तात्यांना ऑपरेशन पटलं.

तेव्हापासून पहिलं ड्रेसिंग सोडताना, चीर ताजी दिसते तेव्हाच, मी घरातल्या सगळ्यात संशयी माणसाला आत बोलावते.