घाम आणि पाणी

माझ्या नणंदबाई औषधांच्या कारखान्यात पावडरी वितळवायच्या. असं सांगितलं की लोक म्हणायचे, म्हणजे स्वयंपाकच की. मी त्याच प्रयोगशाळेत शेजारच्या टेबलावर वजनं करते, म्हणून ठामपणे सांगते: स्वयंपाक चुकला तर सावरून घेता येतो, इथे नाही.

काचेच्या बारीकशा नळीत चिमूटभर पावडर भरायची, नळी टेबलावर हलकेच आपटून पावडर तळाशी बसवायची, मग ती थर्मामीटरला बांधून तापत्या तेलात सोडायची आणि भिंगातून बघत बसायचं. पावडर शुद्ध असेल तर ठरल्या तापमानाला वितळते, भेसळ किंवा ओल असेल तर त्याआधीच. आकडे दोन घ्यायचे. कणांच्या कडेला पहिला ओलावा दिसला की आमच्यात म्हणतात ‘घाम फुटला’. सगळी नळी स्वच्छ झाली की ‘पाणी झालं’.

तेल शेवटी शेवटी अगदी सावकाश तापवावं लागतं, घाई केली की आकडा खोटा येतो. वन्संना घाई हा प्रकारच ठाऊक नव्हता. कुणी ‘झालं का’ म्हणून डोकावलं की भिंगावरचा डोळा न काढता त्या म्हणायच्या, “थांबा.” त्यामुळे सगळ्या कारखान्यात त्या थांबाताई. माझा नवरा म्हणतो, ताई स्थळांनाही थांबाच म्हणाली, शेवटी स्थळंच थकली. हे तो त्यांच्यासमोर म्हणतो आणि त्याही हसतात.

त्या आमच्याकडेच राहतात, जिन्याजवळच्या खोलीत. मध्यंतरी त्यांनी एक टुमणं लावलं होतं की या घरातले दिवे मंद झालेत. नवऱ्याने त्यांच्या खोलीतला दिवा बदलला. मग स्वयंपाकघरातला. मग पुन्हा त्यांच्या खोलीतला. उजेड इतका झाला की मला भांडी घासताना डोळे बारीक करावे लागायचे, तरी वन्संचं समाधान नाही. मी वैतागून म्हटलं, आता सूर्यच आणून टांगते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्याच घरात होता आणि मला, रोज त्यांच्याबरोबर डबा खाणारीला, कळला नाही.

मग प्रयोगशाळेत आपोआप वितळणबिंदू मोजणारं यंत्र आलं. तेल नाही, भिंग नाही. नळी खोचायची, बटण दाबायचं. आत उजेड आणि कॅमेरा, आणि आकडे पडद्यावर. आता थांबाताईंचं कसं, म्हणून सगळे हळहळले. कुणीतरी तर त्यांच्या खांद्यावर हातही ठेवला.

यंत्र स्वीकारण्याआधी साहेबांनी परीक्षा ठेवली: एकच पावडर, अर्धी यंत्रात, अर्धी थांबाताईंकडे. पाणी दोघांचं बरोबर जुळलं. घाम मात्र यंत्राला आधी दिसायचा आणि वन्संना उशिरा. पुन्हा केलं, पुन्हा तेच. यंत्र बसवायला आलेल्या माणसाने आपली खात्रीची, म्हणजे वितळणबिंदू आधीच पक्का ठाऊक असलेली पावडर काढून यंत्रात घातली. तिचा आकडा बरोबर आला. साहेब म्हणाले, तुमची पावडर कशी आहे ते मला ठाऊक नाही, या बाईंचा डोळा मात्र मी इतकी वर्षं बघतोय. आमचा साहेब एरवी बायकोच्या शब्दावरही पुरावा मागेल, पण थांबाताई म्हणजे त्याची काळ्या दगडावरची रेघ.

यंत्रवाला बिचारा दमला होता. त्याला संध्याकाळच्या गाडीने घरी जायचं होतं. तो म्हणाला, “ठीक आहे साहेब. यंत्राची नजर थोडी मंद करून देतो, म्हणजे जुळेल.” आणि त्याने बटणांकडे हात नेला.

“थांबा,” वन्सं म्हणाल्या.

एरवीचं थांबा नव्हतं ते. कपाळावर घाम होता, खराखुरा. त्यांची नोकरी म्हणजे ते दोन डोळेच होते, दुसरं भांडवल नव्हतं, आणि हे त्या खोलीत माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? क्षणभर मला वाटलं, वन्सं, गप्प बसा. वाटलं ते वाटलं.

“त्याची नजर मंद करू नका,” त्या म्हणाल्या. “मंद माझी झालीय.”

साहेबांनी हळूच विचारलं, कधीपासून. वन्संनी माझ्याकडे पाहिलं. “घरातले दिवे बदलायला लागलो तेव्हापासून असेल. मला खरंच दिवेच वाटले होते.”

त्या काळातले राखून ठेवलेले सगळे नमुने यंत्रात पुन्हा तपासले. वन्सं शेजारी उभ्या, हात घट्ट बांधून. एक लॉट कच्चा, ओल राहिलेला निघाला. नशीब, तो अजून गोदामातच होता. तरी घरी येऊन त्या जेवल्या नाहीत, आणि मीही आग्रह केला नाही.

मोतीबिंदू होता. डोळ्यांची ऑपरेशनं झाली, पट्ट्या निघाल्या, आणि घरी पाऊल ठेवताच बाई म्हणाल्या, “अगं, केवढे हे दिवे! आणि हा ओटा असा मळका कधीपासून?” नणंद ती नणंदच. नवऱ्याने त्याच दिवशी जुने दिवे परत लावले.

कामावर परतल्या तेव्हा साहेबांनी यंत्रच त्यांच्या हवाली केलं. आता रोज सकाळी, पहिला नमुना घ्यायच्या आधी, त्या ती खात्रीची पावडर यंत्रात घालून बघतात. तोवर बाकीच्यांनी नळ्या हातात धरून उभं राहायचं. परवा एकजण कुरकुरला, कालच तर बरोबर होतं, रोज रोज कशाला?

“थांबा,” वन्सं पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. “नजर कमी झालेली कळत नाही हो. ज्याची त्याला तर मुळीच नाही.”