दोन देव्या आणि एक सुजय

गुडगावातल्या मराठी बायका तेव्हा कुजबुजत, की सुजय आपटेसाठी साक्षात दोन देव्या भांडल्या.

पोरगा होताच तसा. दिल्लीत पहाडगंजच्या मराठी शाळेत बाई त्याला फळ्याजवळ उभं करत ते गणितासाठी नव्हे, नुसतं बघायला. मंडळाच्या नाटकात कृष्ण तोच. मिशी फुटली तरी तोच. पंगतीत त्याच्या पानात जिलब्या दुप्पट पडत. बिचाऱ्याला वाटे, सगळ्यांनाच असं वाढतात.

शहाण्णव साली तो परदेशी कंपनीत लागला आणि गुडगावच्या नव्या सोसायटीत राहायला आला. आत लिफ्ट चकाचक, फाटकाबाहेर म्हशी. तिथेच प्रभाताई सोमणांच्या लेकीवर, निधीवर त्याचा जीव जडला. प्रभाताई तर टपूनच होत्या. नवरात्रातल्या अष्टमीला त्यांच्या घरी महालक्ष्मी बसायची. आरती झाली की लग्न जाहीर करायचं, असं त्यांनी ठरवूनही टाकलं. निधी गप्प होती. लाजली असेल, असं सगळ्यांनी धरून चाललं.

दिवेलागणीला बायका घागरी फुंकू लागल्या. फुंकता फुंकता एखादी घुमते आणि तिच्या तोंडून देवी बोलते, अशी श्रद्धा. निधीची आत्या अलकनंदाबाई घुमता घुमता थांबल्या आणि त्यांनी थेट सुजयवर बोट रोखलं.

"हा मुलगा माझा! याचं लग्न करायचं नाही!"

सुजयच्या हातातला पेढा हातातच राहिला. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या कौशल्याबाई घागर ठेवून किंचाळल्या, "तुझा कसा? माझा आहे तो! खबरदार याचं लग्न केलंत तर!"

दोघी देव्या एकमेकींकडे आ वासून बघतच राहिल्या.

"अरे यार, हा तर बिल्कुल अ‍ॅडोनिस!" आरतीला आलेल्या शेजारच्या प्रोफेसर जयंतरावांना राहवेना. "ग्रीक पुराणातला देखणा पोरगा. त्याच्यासाठी दोन देव्या भांडल्या, शेवटी वर्ष वाटून घेतलं. काही महिने हिच्याकडे, काही तिच्याकडे."

"आणि मग पोराचं काय झालं हो?" प्रभाताईंनी घाबरत विचारलं.

"रानडुकराने मारलं."

प्रभाताईंनी पेढ्यांचं ताट उचलून आत नेलं. लग्न तिथेच मोडलं.

बातमी दिल्लीत कोपर्निकस मार्गावरच्या महाराष्ट्र सदनापर्यंत पोचली. लिफ्टमध्ये म्हाताऱ्या सुजयला नमस्कार करू लागल्या. उपवर पोरींच्या आया तो दिसला की जिन्याने जात. ज्याला जन्मभर सगळ्यांनी जवळ ओढलं, त्याला कुणी चहालाही बोलवेना. पोरगा हबकून गेला. जेवण सुटलं, दाढी वाढली, आणि मेला त्या दाढीतही देखणाच दिसे!

दिवाळीनंतर तो नारळ घेऊन अलकनंदाबाईंच्या दारात उभा राहिला.

"आत्या, देवीला विचारा ना, काय केलं तर मला सोडेल? उपास करतो, नवस बोलतो, म्हणाल ते करतो. निधीशिवाय मला जमायचं नाही हो."

अलकनंदाबाईंनी नारळ घेतला नाही. दार लावलं, त्याला खुर्चीवर बसवलं.

"बाळा, पाणी पी आधी. आणि माझ्यावर ओरडू नकोस."

मग त्यांनी सांगितलं. देवी दोघींपैकी कुणाच्याच अंगात आली नव्हती. निधीला सुजय आवडत नव्हता. आईला तसं सांगायची तिची हिंमत नव्हती, म्हणून तिने एकीचं दुसरीला कळू न देता दोघींना गाठून, 'हा माझा, याचं लग्न करायचं नाही' असं घुमताना बोलायला लावलं होतं.