मेक्सिकोच्या पाहुणीची चूल

आखाडा बाळापूरच्या शाळेत वाचनालयासाठी वर्गणी गोळा करायला आम्ही खाऊची दुकानं मांडली होती. गावात पाहुणी आलेली मेक्सिकोची एक बाई तिकडचा फुलाफुलांचा झगा घालून चुलीपुढं बसली होती. मक्याच्या पिठाचा गोळा दोन्ही तळव्यांत थापायची आणि तव्यावरची भाकर बोटांनीच उलटायची. बाया कौतुकानं बघायच्या, घेत मात्र कुणी नव्हतं.

शेवटी एक म्हातारी म्हणाली, “भाकर कुणी इकत घेतं का बाई? तू वाढ, आमी वर्गणी देतो.”

मी पाहुणीला ते समजावलं. तिनं हसत, मी हौसेनं रंगवलेली दराची पाटी चुलीत घातली. घरोघरी ऐकून तिला मराठीतला एकच शब्द आला होता, तोच ती म्हणाली, “बसा.”

पंगत बसली, वर्गणीचा डबा भरला. पीठ संपलं तरी ती येईल त्याला “बसा” म्हणतच होती. मग म्हातारी उठली आणि घरून ज्वारीचं पीठ घेऊन आली.