हाताने कापलेलं पॅकिंग

गेल्या वर्षी मी धाकट्या मेव्हण्याकडून त्याची जुनी मोटारसायकल घेतली. सौदा धारला, त्याच्या दारातच झाला. टाकीवर हात ठेवून तो म्हणाला होता, "भाऊजी, इंजिन आजवर उघडलेलं नाही." शपथ मी मागितली नव्हती. न मागता घेतलेली शपथ मला कधीच बरी वाटत नाही.

या उन्हाळ्यात क्लच घसरायला लागला, म्हणून देवासला माझ्या नेहमीच्या मिस्त्रीकडे गाडी नेली. तो काम करतो तेव्हा मी समोर स्टुलावर बसून राहतो. तारा ओढण्याच्या मजुरीपासून सुरुवात करून मी विजेच्या सामानाचं दुकान उभं केलंय. मालक पाठ फिरवतो तेव्हा काय बदललं जातं, ते मला ठाऊक आहे.

त्याने तेल काढलं, क्लचचं झाकण सोडवलं, आणि मधलं पॅकिंग अख्खं हातात आलं. तेल झिरपू नये म्हणून झाकणाखाली बसवलेला हा जाड कागद. कंपनीचा असता तर इतक्या वर्षांत चिकटून बसला असता, खरवडताना तुकडे झाले असते. हा तव्यावरून पोळी सुटावी तसा सुटला. दोन्ही अंगांना ग्रीस, बोल्टचे छेद वाकडे, कडेला कात्रीचे टप्पे.

"ये किसने काटा?" मी विचारलं.

"हाथ का कटा है, भिया."

"तुमने तो नहीं?"

त्याने चष्म्यावरून पाहिलं. "मैं काटता तो छेद गोल आते."

म्हणजे इंजिन उघडलेलं होतं. माझं डोकं तापलं. आत्ताच्या आत्ता धारला जाऊन हे पॅकिंग मेव्हण्याच्या हातात ठेवायचं, असं मी ठरवलं. पण मिस्त्री म्हणाला, या मॉडेलचं नवं पॅकिंग इंदूरहून येईल, परवा. "फटा नहीं है. तेल लगाके यही वापस चढ़ा दूँ?"

तेच चढवलं तर गाडी सुरू होणार, पण पुरावा पुन्हा इंजिनात बंद. नाही चढवलं तर पुरावा खिशात आणि गाडी ठोकळ्यावर. फोटो काढून भागलं नसतं. फोटोत कागद कागदासारखाच दिसतो. कात्रीचे टप्पे अंगठ्याला लागायला हवेत. शिवाय एकदा दबलेलं पॅकिंग घाटात तेल सोडणार नाही, याची खात्री मिस्त्री देईना.

शेवटी मी त्याला पॅकिंगचा कोरा कागद आणून दिला. त्याने तो झाकणावर धरून छोट्या हातोडीने कडा ठोकल्या, आकार उमटवला आणि नवं कापलं. छेद खरंच गोल आले. जुनं मी पुसून वर्तमानपत्रात गुंडाळलं. तोवर ते माझ्या हातातून सुटू दिलं नव्हतं.

क्लचच्या प्लेटा बदलून झाल्यावर निघालो आणि दुपारी धारला पोचलो. मेव्हण्याने पॅकिंग उलटसुलट करून पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "हो, माझंच आहे. मीच कापलं होतं."

"आणि उघडलेलं नाही म्हणालास?"

"म्हणालो. मग तुम्ही म्हणालात, मला शिकवू नकोस, इंजिन उघडलेलं आहे, त्याचे कमी कर. मी केले की कमी."

"म्हणजे तेव्हा कबूल केलंस?"

"कमी केले म्हणजे कबूलच, भाऊजी. मला वाटलं, तुमच्या नजरेनं पकडलं."

आता त्याला काय सांगणार? जुन्या कुठल्याही वस्तूला मी हे म्हणतोच. त्या दिवशी मला काहीच दिसलं नव्हतं. तो किमतीत इतक्या चटकन खाली उतरला तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं; उलट घरी येऊन बायकोला ऐकवलं होतं की तुझ्या भावाला सौदा जमत नाही.

"आत आणखी काय काय केलंयस?" मी विचारलं.

"तुम्ही आणखी काय काय म्हणाला होतात ते आठवा," तो म्हणाला आणि चहा सांगायला आत गेला.

परतताना गाडी चाळीसच्या वर नेली नाही. सौदा करताना मी पिस्टनबद्दलही काहीतरी बोललो होतो.