धुण्याचा फाटा

त्या वस्तीला नावं ठेवणारे पुष्कळ होते, नाव देणारा मात्र कोणी नव्हता. सव्वीस घरं, एक हातपंप आणि दगडखाणीकडे फुटणारा रस्ता. शाळा नाही, कचेरी नाही, कुठल्याच गावाच्या हद्दीत ती धड नाही. मग तिथल्याच एका घरातल्या काकूंनी त्या फाट्यावर दोऱ्या बांधल्या आणि खाणीतल्या माणसांचे, ट्रकवाल्यांचे कपडे धुवायला घेतले. वळण घेतलं की ड्रायव्हरला आधी दिसायच्या त्या हवेत उलट्या लटकणाऱ्या चाळीस पँटी. मग तो ब्रेक दाबायचा.

"कुठे उतरवू?"

"धुण्याच्या फाट्यावर."

झालं बारसं! पुढे रस्तेखात्याने पाटी लावली, बसच्या यादीत थांबा आला. आपल्या मळक्या पाण्यावर एक गाव उभं राहिलं, याचा काकूंना भारी तोरा होता.

असाच एक ड्रायव्हर ब्रेक दाबून उतरला, तो काकूंचा नवरा झाला. "शर्ट धुवायला टाकला आणि न्यायला आला, तो गेलाच नाही मेला," असं त्या लाडाने सांगत. धुण्याची त्यांची पद्धत मात्र लष्करी होती. ड्रायव्हर लोक खिशात खिळे, नट, विड्या ठेवतात, म्हणून प्रत्येक खिसा बाहेर काढायचा. रंग उडू नये म्हणून कपडा उलटा करायचा, बाह्या खाली सोडायच्या आणि दोन कपड्यांत एकच चिमटा लावायचा. नवऱ्यालाही ही शिस्त लागली. घरात पाऊल टाकण्याआधी तो दारातच खिसे बाहेर काढून उभा राही.

मग खाण बंद पडली. माणसं निघून गेली, इतक्या घाईने की कित्येकांनी कपडेही नेले नाहीत. काकूंनी ते घड्या घालून पेटीत ठेवले. माणूस असलेली घरं उरली चार.

नवराही हळूहळू निघून गेला. म्हणजे शरीर होतं, खाटेवर बसलेलं, जेवायला वेळेवर. आधी ट्रकचा नंबर विसरला, मग स्वतःचं नाव, मग काकूंना "अहो बाई" म्हणू लागला. आठवड्यातून एकदोनदा फाटकातून निसटायचा, हात दाखवून बस थांबवायचा आणि जहागीरदारासारखा खिडकीशी बसायचा. शेवटच्या थांब्यावर कंडक्टर विचारी, "आजोबा, जायचं कुठे?" एवढं एकच त्याला आठवत होतं. "धुण्याचा फाटा." कंडक्टर यादी बघे आणि त्याला परतीच्या बसमध्ये बसवी. काकूंनी पत्त्याची चिठ्ठी खिशात ठेवून पाहिली. पण बसमध्ये पाऊल टाकण्याआधीही तो खिसे बाहेर काढी! चाळीस वर्षांची शिस्त, तिच्यापुढे चिठ्ठीचं काय चालणार?

अशात बातमी आली, ती सुरुंगवाल्या नानांनी आणली. खाणीत सुरुंग लावून लावून नाना अर्धेअधिक बहिरे झाले होते, त्यामुळे गुपितही गर्जना करून सांगत.

"वहिनी! दहापेक्षा कमी घरं असतील तर वस्तीचं नाव यादीतून काढणार! मोजणीवाला येतोय परवा!"

"मग बसच्या यादीतलं?"

"यादी एकच! कंडक्टरच्या मशीनमध्ये पण तीच!"

काकूंनी बोटांवर घरं मोजली. सहा कमी पडत होती. मोजणीवाला त्यांच्या ओळखीचा होता. दहा वर्षांपूर्वीही तोच आला होता, मोटारसायकलवरून न उतरता. ज्या दारात धुणं, त्या घरात माणूस, असा त्याचा हिशेब.

दोन दिवस काकू आणि नाना दोऱ्या बांधत होते. पेटी उघडली. दुसऱ्याचा कपडा कधी अंगाला न लावणाऱ्या काकूंनी गेलेल्या माणसांचे शर्ट, पोरांचे झगे, चादरी धुऊन सहा रिकाम्या घरांपुढे वाळत घातल्या, आणि राहत्या चार दारांतलं धुणंही स्वतःच टांगलं. एका दारात तर नानांनी हौसेने लंगोटही लावले.

"नाना, एवढी तान्ही पोरं कुठून आली?"

"असू दे! वस्ती वाढतेय असं दिसू दे!"

मोजणीवाला आला. चार घरं, पाच, सहा. आठव्या दारापुढे त्याने गाडी थांबवली. आणि उतरला. दोरीजवळ गेला, मागे वळून शेजारची दोरी पाहिली, पलीकडची पाहिली. दहाही दारांत कपडे उलटे, बाह्या खाली, दोहोंत एक चिमटा. आणि शेकडो खिसे, जिभा बाहेर काढल्यासारखे.

"काकू," तो हळूच म्हणाला, "दहा घरांत एकच बाई धुणं घालते का हो?"

काकूंनी दोऱ्यांकडे पाहिलं. त्यांना तेव्हा कळलं. नुसती एक पँट सरळ टांगली असती तरी चाललं असतं. पण हाताला दुसरं काही येतच नव्हतं.

"लिहून टाका ना दहा. आमच्या यांना हा एवढा एकच पत्ता येतो."

"नोकरीच्या आधी माझेही कपडे तुम्हीच धुतलेत, काकू. मी लिहिलं असतं हो. पण आता प्रत्येक घराचा आतून फोटो पाठवावा लागतो."

त्याने चार फोटो काढले. जाताना लंगोटांकडे पाहून हसायचा प्रयत्न केला, ते काही जमलं नाही.

महिन्याभरात पाटी गेली. पुढच्या वेळी नवरा निसटला तो तीन दिवस आला नाही. कंडक्टरांनी मशीन दाबून पाहिलं, असा थांबाच नव्हता. चौथ्या दिवशी एका म्हाताऱ्या ट्रकवाल्याने त्याला ओळखून आणून सोडलं. एका पायात चप्पल नव्हती. खिसे बाहेर काढलेले होते.

काकूंनी अंगणातल्या सगळ्या दोऱ्या सोडल्या आणि त्याच दोऱ्यांनी फाटक बांधून टाकलं. सात गाठी मारल्या. धुणं असंही कोणाचं उरलं नव्हतं.

सकाळी नवरा फाटकाशी आला. गाठी चाचपल्या. मग वळून मोकळ्या अंगणाकडे बराच वेळ पाहत राहिला.

"अहो बाई," त्याने विचारलं, "धुण्याचा फाटा गेला का मागे?"

काकूंनी त्याचा हात धरून त्याला खाटेवर बसवलं.

"नाही हो. बसा तुम्ही. पुढचाच थांबा."

तो खिडकीशी बसल्यासारखा सरसावून बसला आणि बाहेर बघू लागला.